दोन माणसं, एक खापर

माझ्या घरमालकांचा माणसांपेक्षा कागदावर जास्त विश्वास होता. बुऱ्हाणपूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली म्हणून मी साताऱ्याकडून आले आणि तिथल्या लालबाग भागात त्यांच्या मागच्या अंगणातली खोली भाड्याने घेतली. पहिल्याच दिवशी भाडेकराराचा कागद त्यांच्यापुढे ठेवला, तर त्यांनी तो वाचलाच नाही. चिमटीत धरून चोळला, उजेडासमोर धरला, कोपऱ्याला टिचकी मारून कान लावला आणि परत माझ्या हातात दिला.

"हलका आहे. दोन पावसाळे भी नाही काढणार. चांगल्या कागदावर लिहून आणा, मंग सही करू."

"आणि मजकूर?" मी विचारलं.

"मजकूर तुमचा आहे, मॅडम. तो बराबरच असेल."

मला वाटलं, विक्षिप्त माणूस दिसतोय, वर्षभरात दुसरी खोली बघू. चार वर्षं राहिले.

चौतीस वर्षं ते जवळच्याच एका कागद कारखान्यात फिनिशिंग खात्यात होते. कापून आलेले ताव तपासायचे, मोजायचे आणि पाचशेचं रीम बांधायचं, हे तिथलं काम. ताव पंख्यासारखे उलगडून अंगठ्याने पाच-पाच असे भराभर मोजायचे की बघणाऱ्याला वाटावं, पत्ते पिसतायत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण बोटं निवृत्त व्हायला तयार नव्हती. पेपर आला की आधी पानं मोजायची, मग बातम्या. मेथीची जुडी उलगडून काड्या मोजायच्या. आमची भाजीवाली त्यांना लांबून पाहिलं की टोपलीवर पदर टाकायची. लग्नपत्रिका आली की मुलगा काय करतो, मुलगी कुठली, हे घरमालकीण काकू विचारायच्या. काका फक्त पत्रिका वाकवून बघायचे. एकदा एक अगदी साधी, पातळ पत्रिका आली. त्यांनी ती बराच वेळ उजेडात धरली आणि म्हणाले, "पातळ आहे, पण सगळीकडून सारखी आहे. संसार चांगला होईल यांचा." आणि एरवी लग्नं टाळणारे काका त्या लग्नाला आवर्जून गेले.

मी त्यांना काका म्हणायची. मी त्यांच्या लेकीएवढी, तरी ते मला मॅडम म्हणायचे. बायकोला ते "सुपरवायझर" म्हणत. काकू लहानखुऱ्या, कमी बोलणाऱ्या आणि कामाला वाघ. त्या नवऱ्याला "अवो" म्हणत, आणि त्या एका शब्दात राग, काळजी, चहा झाल्याची वर्दी, सगळं बसायचं. चाल ओळखली की झालं.

कारखान्यात वर्षातून एकदा सगळी मशिनं बंद ठेवून दुरुस्ती करत. त्याला म्हणायचे शटडाउन, आणि त्याची तयारी महिना-दोन महिने आधीपासून चाले. काकांचं म्हणणं असं की जगातलं कुठलंही काम शटडाउनच्याच शिस्तीने व्हायला पाहिजे. लोणचं घालणं हे शटडाउन. कूलर खाली काढणं हे शटडाउन. कापलेल्या कागदाच्या कडेच्या लांब पट्ट्यांचा एक मोठा गठ्ठा त्यांच्याकडे होता. त्यातली एक काढायची, बारीक अक्षरात वेळापत्रक लिहायचं आणि फ्रीजवर चिकटवायचं. काम झालं की काकू त्याच पट्टीने चूल पेटवायच्या. कूलरची पट्टी मला अजून पाठ आहे: "७.०० गवत भिजवणे. ७.२० पंखा पुसणे. ७.४० चहा. ८.०० अडचण. ८.३० चालू."

"आठ वाजता अडचण म्हणजे?" मी विचारलं.

"काही ना काही अडचण येतेच ना, मॅडम. तिले भी टाइम दिला पाहिजे. नाहीतर ती दुसऱ्याच्या टाइमात घुसते."

आता मी पुण्यात असते, तरी मोबाइलवर त्यांच्या पट्ट्यांचे फोटो येतात. परवा नातवाच्या पाचव्या वाढदिवसाची आली होती. त्यात अडचणीला पाऊण तास होता. नातू पाहता तो कमीच आहे.

हे सगळं ऐकून लोक हसतात. मीही हसवायलाच सांगते. पण त्यांची खरी गोष्ट एका अखाजीची आहे, आणि ती सांगताना मला अजून थोडं सांभाळून घ्यावं लागतं स्वतःला.

अक्षय तृतीयेला तिकडे अखाजी म्हणतात. आमच्याकडे सोनं घेतात आणि आंबा खातात, झाला सण. तिकडे हा दिवाळीहून मोठा. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरून ठेवतात, निखाऱ्यावर त्यांच्यासाठी घास टाकतात. आणि जेवायला आमरसाबरोबर खापरावरची पुरणपोळी. खापर म्हणजे मातीचं मोठं भांडं, ते चुलीवर पालथं घालायचं. पुरण भरलेली पोळी थोडी लाटून घेतली की लाटणं बाजूला. मग ती दोन्ही हातांवर घ्यायची आणि मनगटापासून कोपरापर्यंत खेळवत खेळवत परातीएवढी मोठी करायची, की एका झटक्यात खापरावर. पहिल्यांदा काकूंना हे करताना पाहिलं तेव्हा मी ताटावरून उठून बघायला गेले होते. त्या वर्षी घरात लेक, जावई, मुलगा, सून, नातेवाईक धरून चौदा माणसं होती.

ती अखाजी होऊन दोन दिवस झाले असतील. काका माझ्या दाराशी आले.

"मॅडम, तुम्ही सायन्सवाल्या. एक सांगा. दोन माणसं, एक खापर. दोघांनी गरम पोळी कशी खायची?"

"पहिली तुम्ही खा, दुसरी काकू खातील."

"दुसरी टाकणार कोण?"

"काकूच."

"मंग ती उठणार, हात धुणार, ताटावर बसणार. तोवर पोळी?"

"गार."

"हाव. तेच तर." ते पायरीवर बसले. "परवा सगळे जेवून उठले आणि मी माचिस पाहायला चुलीपाशी गेलो. ही विझल्या चुलीपाशी बसून गार पोळीचे तुकडे रसात भिजवून राहिली होती. गार झाली का ती पोळी पापड होते, मॅडम. मी म्हटलं, एक गरम टाकून घे. तर म्हणे, माझ्या एकटीसाठी आता आग कोण लावते?" ते बोटांकडे बघत राहिले. "लगन होऊन चाळीस वर्षं झाली. चाळीस अखाज्या. एवढे ताव मोजले मी जिंदगीत. हे नाही मोजलं."

मी तेव्हा काय म्हणावं? मी म्हणाले, "हॉटकेस मिळतात हो चांगले." एवढा मोठा माणूस माझ्या दारात बसून मन मोकळं करतोय आणि मी त्याला हॉटकेस सुचवला. त्यांनी माझ्याकडे पातळ कागदाकडे बघावं तसं बघितलं आणि उठून गेले.

पुढच्या वर्षी अखाजीला महिना असताना लेकीचा फोन आला. तिला सातवा लागला होता, डॉक्टरांनी पुण्याहून प्रवासाला नाही म्हटलं होतं. मुलगा हैदराबादला, त्याला रजा नव्हती. काकू फोनवर अगदी हसून बोलल्या, "काही नाही पोरी, तब्येत सांभाळ, अखाजी काय, दरसाल येते." फोन ठेवला आणि कुरडयांचा डबा खाली काढला होता तो परत वर ठेवून दिला.

"दोघांसाठी कायले अखाजी?" त्या म्हणाल्या. "घागर भरते, वरण-भात लावते. झालं."

दुसऱ्या दिवशी फ्रीजवर काकांची पट्टी होती: "अखाजी. माणसं: दोन." खाली सगळं कोरं.

"बाकीचं कुठाय?" मी विचारलं.

"गोपनीय."

त्यानंतर ते मंगळवारी आणि शनिवारी बसने फोपनार गावाला जायला लागले. तिथे त्यांच्या थोरल्या भावाची बायको, म्हणजे वहिनी, केळीच्या बागेत एकट्या राहत. "वहिनीची तब्येत पाहून येतो," असं सांगून जायचे आणि येताना प्रत्येक वेळी केळ्यांच्या चार फण्या. घरात शिकरण झालं, केळ्याची भाजी झाली, वेफर्स झाले. मला इतकी केळी मिळाली की मी लॅबमध्ये वाटायला लागले. आमच्या डॉक्टरांनी विचारलं, रक्त तपासायचं सोडून गाडी लावली का?

याच सुमारास काकांनी पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायला सुरुवात केली. वैशाखाच्या तोंडावर, बुऱ्हाणपुरात! दुपारी डांबर मऊ होतं तिथे, आणि हे गृहस्थ मनगटापर्यंत बटणं लावून बसलेले. दर महिन्याला मी घरीच त्यांचं साखरेसाठी रक्त घ्यायची. त्या महिन्यात बाही वर करायला तयार होईनात. "पुढल्या महिन्यात पाहू. आज थंडी वाजून राहिली," म्हणाले. मीही जास्त डोकं चालवलं नाही. विक्षिप्त माणसाबरोबर राहण्यात एक सुख असतं, कशाचंच नवल वाटत नाही.

एके सकाळी मी डबा भरत होते आणि काकू दारात आल्या.

"पोरी, दवाखान्यात माणसाच्या हाताचे केस कायले काढतात गं?"

"अँजिओग्राफीला काढतात," मी झाकण लावता लावता म्हणाले. "हृदयाची तपासणी. मनगटातून नळी घालतात ना, म्हणून आधी हात साफ करतात. कोणाचे काढले?"

"कोणाचे नाही. टीव्हीत पाहिलं."

मी चपला घातल्या आणि गेले. काय तो माझा आत्मविश्वास! विचारलं तेवढं सांगून गप्प बसावं, कोण विचारतंय, का विचारतंय, हे बघायला माणसाला डोळे दिलेत, हे काही मला त्या दिवशी सुचलं नाही.

त्या दिवसापासून काकू बदलल्या. काकांच्या हातातली पिशवी काढून घ्यायला लागल्या. ते जिना चढले की खाली उभ्या राहून बघायच्या. स्वयंपाकात मीठ-तेल दिसेनासं झालं. काका चोरून माझ्याकडे लोणच्याची फोड मागायला येऊ लागले. मग काकूंनी तुपाचा डबा माझ्याकडे आणून ठेवला. "घरात मुंग्या झाल्यात," म्हणाल्या. दोन दिवसांनी काका गोणपाटात गुंडाळलेलं खापर घेऊन आले. "सुपरवायझरला दाखवायचं नाही. अखाजीपर्यंत ठेवा." मी ओळखलं की फोपनारच्या वहिनीला पोळ्या करायला आणणार आहेत. माझ्या खाटेखाली एका बाजूला तूप आणि एका बाजूला खापर, आणि मधे मी, सगळं कळतंय अशा थाटात झोपलेली.

एका संध्याकाळी काकू येऊन बसल्या. इकडचं तिकडचं झालं. मग एकदम म्हणाल्या, "बायकोपासून आजार लपवतो तो माणूस चांगला का वाईट?"

"मूर्ख," मी म्हणाले.

त्या हसल्या आणि पदराने डोळे पुसले. लेक येणार नाही म्हणून रडतायत, असं मी ठरवून टाकलं.

अखाजीच्या दिवशी मला सुट्टी होती. सकाळी काकूंनी घागर भरली, तिच्यावर छोटा कलश ठेवला, दोन आंबे ठेवले. स्वयंपाकघरात डोकावले तर दुधीची भाजी, मुगाचं वरण आणि फुलके. सणाच्या दिवशी! फ्रीजवरची पट्टी मात्र रातोरात भरली होती: "९.०० पितरांचा घास. १०.०० चूल. १०.३० अडचण. ११.०० सुपरवायझर पाटावर."

काका पहिल्या बसने फोपनारला जाऊन आले होते. पुरणाचा डबा, मळलेली कणीक आणि आंबे घेऊन थेट मागच्या अंगणात आले आणि चूल पेटवायला बसले. मी खापर आणून दिलं.

"वहिनी कुठे आहेत?"

"फोपनारला. त्यांच्या घरी अखाजी नाही का?"

"मग पोळ्या कोण करणार?"

ते बाहीची बटणं काढायला लागले. तेवढ्यात धूर पाहून काकू बाहेर आल्या.

"उठा आधी. आगीपाशी बसू नका."

"अगं, आज..."

"उठा म्हणते ना! डॉक्टरांनी काय सांगितलं असेल आणि काय करू राहिले तुम्ही? मले सगळं माहीत आहे. फोपनारला नाही जात तुम्ही. इंदूरला जाता, नाहीतर जळगावला. हृदयाचं निघालं आहे तुमच्या. मले सांगितलं असतं तर मी काय मोडून पडली असती?"

काका वर बघतच राहिले. "कोणाच्या हृदयाचं?"

"मंग हात कायले साफ केले? झोपेत बाही सरकली तेव्हा पाहिलं मी."

काकांनी बाह्या कोपरापर्यंत वर केल्या. दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत, आणि त्यांवर भाजल्याचे पाच-सहा लाल डाग.

"वहिनी म्हणे, असल्या केसाळ हातांवर पुरणपोळी? माझ्या खापरापाशी बसायचं असेल तर साफ करून या. म्हणून केले. घरच्याच वस्ताऱ्याने. महिना झाला, शिकून राहिलो. बावीस पोळ्या राखेत गेल्या, तेविसावी जमली."

काकू माझ्याकडे वळल्या. "ही म्हणे अँजिओग्राफी."

मी निंबाच्या झाडाकडे बघायला लागले. काका मोठ्याने हसले. पोट धरून हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की काकू हसत नाहीयेत. त्या ओट्यावर बसल्या होत्या आणि खांदे हलत होते.

"तीन आठवडे झाले," त्या म्हणाल्या. "तुम्ही डुलकी काढली का मी नाकापुढे हात धरून पाहायची. रोज देवाले म्हणायची, लेकीचं बाळंतपण होऊ दे, मंग काय करायचं ते माझं कर."

काय बोलावं हे काकांच्या कुठल्याच पट्टीवर नव्हतं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "साडेदहा झाले. अडचण टाइमवर आली."

काकू रडता रडता हसल्या. मग मलाही श्वास घेता आला.

त्यांनी पाट मांडला, ताट ठेवलं, वाटीत रस ओतला आणि काकूंना बसवलं. पहिली पोळी हातावर घेतली ती कोपराशी फाटली आणि पुरण शर्टावर. दुसरी खापरावर अर्धी आणि राखेत अर्धी. काकूंचे हात आपोआप पुढे आले.

"बसा, सुपरवायझर. शटडाउनमध्ये मशिनला हात नाही लावायचा."

"अवो, मनगट ढिलं सोडा. असं कायले धरून राहिले कागद मोजल्यावानी?"

"सूचना लेखी द्या."

तिसरी पोळी त्यांनी हातावर घेतली तेव्हा मीसुद्धा श्वास रोखला. ती मनगटावर आली, वळली, कोपराकडे गेली, परत आली. प्रत्येक फेरीला बोटभर वाढत होती. काकांचे ओठ हलत होते, पाच, दहा, पंधरा असं काहीतरी मोजत असावेत. मग एका झटक्यात ती खापरावर गेली. गोल नव्हती. एका बाजूला लांबली होती. पण फाटली नव्हती. तिला फुगे आले, खमंग वास सुटला, काकांनी चार घड्या घातल्या आणि तिथून दोन पावलांवर असलेल्या ताटात ठेवली. मी पळत जाऊन तूप आणलं आणि वर ओतलं.

काकूंनी तुकडा मोडला. बोटं भाजली, फुंकर घातली, तोंडात घातला. रसात बुडवलाच नाही.

काकांनी पुढची पोळी हातावर घेतली होती, पण ते ती फिरवायचं विसरून उभे राहिले. त्या चावत होत्या. दुसरा तुकडा घेतला. तिसरा घेतला.

"मीठ कमी आहे का?" शेवटी काकांनी विचारलं. "कडक झाली? सांग ना."

काकूंनी ताटातल्या पोळीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं.

"गरम अशी लागते का ही?" त्या म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत कोणी सांगितलं भी नाही मले."

काकांच्या हातावरची पोळी लोंबत खाली आली तरी त्यांना कळेना. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. काकू पाटावरून उठल्या. काका म्हणाले, "बस, बस, ताटावरून उठू नको," पण त्यांनी ऐकलं नाही. उरलेल्या पोळीचा मोठा तुकडा मोडला, तुपात फिरवला आणि चुलीशी जाऊन त्यांच्या तोंडापाशी धरला.

"अवो, तोंड उघडा," त्या म्हणाल्या. "गार होऊन राहिली."